बिननावाचं भिंग

डोळ्यांच्या त्या हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या नोंदणीच्या खोलीत एक रीत होती. ऑपरेशनची यादी संगणकावर उघडायची झाली की उघडणाऱ्याने मोठ्याने ओरडायचं, ‘मी आत!’ आणि काम संपलं की, ‘मी बाहेर!’ बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांना वाटायचं, ही मोठी माणसं लपाछपी खेळताहेत की काय. पण इलाजच नव्हता. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तशी त्या यादीत दोन माणसं राहत नव्हती. दोघांनी एकदम उघडली की जुनाट प्रोग्रॅम अंग टाकायचा.

नवा प्रोग्रॅम घ्या, असं केबलकाकूने सहा वेळा लिहून दिलं होतं. सहाही वेळा उत्तर आलं, चाललंय ना? मग चालू द्या. केबलकाकू म्हणजे तिथलं नेटवर्क सांभाळणारी बाई. वय बावन्न. प्रिंटर रुसला, फाइल हरवली, पडदा काळा झाला, की सगळे तिच्या नावाने शंख करायचे, आणि ती हातातला चहा ठेवून यायची. अकरा वर्षांत तिने त्या यादीला इतक्या वेळा जिवंत केलं होतं, की आता ते करताना तिचं लक्षही नसायचं. तिथेच घात झाला.

त्या दिवशी सकाळी यादीतल्या पाच नंबरच्या पेशंटला ताप भरला. त्याला घरी पाठवलं. हेडक्लार्क मोठ्या बाईंनी ‘मी आत!’ अशी आरोळी ठोकून त्याचं नाव काढलं आणि खालच्या सगळ्यांना एकेक घर वर सरकवलं. चौदाची तेरा नावं झाली. तेवढ्यात पडदा गोठला, आणि प्रोग्रॅम कोसळला.

काकूने येऊन तो पुन्हा चालू केला. वाचवलेली प्रत उघडू का, असं त्याने विचारलं. काकूने ‘हो’ दाबलं. यादी आली. डावीकडे नावं, उजवीकडे प्रत्येकाच्या डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर. तळाशी एक नंबर जास्तीचा लटकत होता, त्याच्यासमोर नावच नव्हतं. कोसळल्यावर असा केरकचरा राहतोच, असं म्हणत काकूने तो पुसला, छापायची आज्ञा दिली आणि यादी दुसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरमध्ये गेली.

पावणेअकराला काकू सवडीने चौकशीला बसली. समोरच्या टेबलावर मापाडी होता. पेशंटांच्या डोळ्यांची मापं घेऊन भिंगाचे नंबर भरणं हे त्याचं काम, म्हणून नाव मापाडी.

“दुसरं कोण घुसलं होतं रे यादीत?”

मापाडीचा घसा बसला होता. तो कुजबुजला, “मीच. ओरडता येईना, म्हणून टेबल वाजवलं. कुणी बघितलंच नाही.”

“आणि उघडली कशाला होतीस?”

“पाच नंबरचं भिंग काढायला. नाव गेलं, मग नंबर नको जायला? काढला, आणि तेवढ्यात बया आडवी झाली.”

काकूने यादी पुन्हा समोर घेतली. नावांची नोंद आज सकाळची होती. नंबरांची काल संध्याकाळची. म्हणजे नावं वर सरकली होती आणि नंबर जागच्या जागी बसून होते. पाचव्या ओळीत ताप आलेल्या माणसाचं भिंग अजून तसंच होतं, आणि त्याच्यासमोर आता दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. तिथून खाली प्रत्येकाला त्याच्या वरच्याचं भिंग. आणि तळाचा तो बिननावाचा नंबर म्हणजे केर नव्हता. तो शेवटच्या माणसाचा डोळा होता. तो तिने स्वतःच्या हाताने पुसला होता.

काकू ताडकन उठली.

“थिएटरला फोन लावा,” ती म्हणाली. मोठ्या बाईंनी लावला. वाजत राहिला. आत काम चालू असताना कोण उचलणार?

“कितवा चालू असेल?”

“अर्ध्या तासाला दोन,” मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. “चार झाले असतील. पाचवा आत गेला असेल.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “हे बघा, काकू, वर जाऊन प्रोग्रॅमने घोटाळा केला एवढंच म्हणा. तुम्ही काय पुसलं ते बोलायची गरज नाही. आधीच तुमच्या जागी बाहेरची कंपनी आणायचं घाटतंय.”

काकूने ऐकलं की नाही, देव जाणे. कपाटातून तिने नव्या पाचव्या पेशंटची कागदी फाइल ओढली. मापाची मूळ चिठ्ठी तिच्यात टाचलेली असायची. थिएटरमध्ये कागदी फायली नेऊ नयेत, असा नवा नियम होता. खड्ड्यात गेला नियम. लिफ्ट वर अडकली होती. गुडघे कुरकुरत असताना तिने एकेका ढांगेत दोन-दोन पायऱ्या घेतल्या, आणि प्रत्येक पायरीला तिला वाटत होतं, आता बसवलं, आता बसवलं.

थिएटरच्या दाराशी सिस्टरने अडवलं. काकूला धाप लागली होती. “भिंग थांबवा!” ती ओरडली. “यादी चुकलीय! पाचपासून पुढे सगळी चुकलीय!”

आतून डॉक्टरांचा आवाज आला. “कुणी चुकवली?”

एक क्षण काकूच्या जिभेवर ‘प्रोग्रॅमने’ आलं होतं.

“मी,” ती म्हणाली. “न तपासता जुनी प्रत उघडली. जास्तीचा नंबर दिसला होता, तो मी कचरा समजून पुसला.”

डॉक्टर म्हणाले, “वेळ तरी नेमकी साधलीत तुम्ही. डबी फोडलीय, भिंग अजून बाहेर आहे. पहिले चार?”

“ते बरोबर आहेत. फरक त्यांच्या खाली आहे. तरी त्यांच्याही फायली मागवते.”

“मागवाच. आणि हिचा नंबर वाचा.”

सिस्टरने तिला मास्क लावला आणि दार हातभर उघडं धरलं. हिरव्या कापडाखाली एक म्हातारी निजली होती. डोळा बधिर केलेला, बाकी पूर्ण जागी. सगळं ऐकत असलेली.

“भिंग साडेएकवीस,” काकूने वाचलं. यादीत सतरा होतं.

“थांबा,” कापडाखालून म्हातारी म्हणाली. “कोण गं तू?”

“खालची, आजी. संगणक बघते.”

“मी कपडे शिवते. दुसऱ्या डोळ्याने कधीचं दिसत नाही. सुईत दोरा ओवायला एवढा एकच आहे. तुझा आवाज कापतोय. पुन्हा वाच.”

काकूने चिठ्ठीवरचं नाव, पेशंट क्रमांक, उजवा डोळा, नंबर, सगळं वाचलं.

“पुन्हा.”

काकूने चिठ्ठी दोन्ही हातांनी धरली आणि एकेक अक्षर सुटं करत तिसऱ्यांदा वाचली. “उजवा डोळा. साडेएकवीस.”

“हं,” म्हातारी म्हणाली. “आता घाला, डॉक्टर. पण हिला दारातून हलू देऊ नका. पुढच्यांचंही हिच्याच तोंडून वाचून घ्या. आज ही झोपेतसुद्धा चुकायची नाही.”

सिस्टर नवी डबी घेऊन आली आणि तिने ती काकूच्या डोळ्यांसमोर धरली. काकूने मान हलवली. भिंग आत जाऊन बसेपर्यंत ती दारात उभी राहून तोच आकडा मनातल्या मनात घोकत होती.