कृत्तिकांची मोजणी

उस्तादाचा हिशेब सरळ होता. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ती बसच्या स्टिअरिंगमागे काढायची, तर डोळ्यांच्या तपासणीत पास व्हायला हवं. आणि दिवेलागण झाली की उस्तादाला भिंतसुद्धा चाचपावी लागे. दोन वर्षं त्याने गोड बोलून संध्याकाळच्या पाळ्या दुसऱ्यांच्या गळ्यात मारल्या. आता नवं वेळापत्रक येत होतं. संध्याकाळ कुणालाच चुकणार नव्हती आणि त्याआधी तपासणी. तपासणारा डॉक्टर हौशी आकाशप्रेमींच्या मंडळाचा अध्यक्ष. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत कोणी फार खोल बघत नाही, हे उस्तादाचं गणित. त्याने मंडळाचा अर्ज भरला.

"तारे बघायला? तुम्ही?" बायको म्हणाली. "घरातला उंबरा दिसत नाही तुम्हाला!"

"तारे गेले उडत. डॉक्टरच्या नजरेत भरायचंय मला."

"भरा. पण पाय घसरून नका भरू." असं म्हणाली खरी, पण मंडळ दर शनिवारी ज्या गच्चीवर जमे, तिच्या जिन्यापर्यंत त्याला सोडायला आणि न्यायला तीच येई.

उस्ताद ऊन असतानाच गच्चीवर पोचे. पायऱ्या बावीस, हे त्याने पाठ केलं होतं. दुर्बिणीची तिवई उभी करी, तिचे स्क्रू आवळी आणि अंधार पडायच्या आत खुर्ची पकडून बसे, तो उठतच नसे. "काय एकाग्रता!" म्हणत मंडळातला बेकरीवाला त्याची पाठ थोपटी. डॉक्टरही "आमचे ड्रायव्हरसाहेब" म्हणू लागले. गाडी रुळावर होती.

चौथ्या शनिवारी मंडळाची वार्षिक मोजणी आली. नुसत्या डोळ्यांनी कृत्तिकांच्या पुंजक्यातले तारे मोजायचे, आकडा चिठ्ठीवर लिहून मंडळातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे द्यायचा. शेवटची चिठ्ठी येईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटत नाही. उस्तादाने आदल्या शनिवारी, उजेड होता तेव्हाच, मोजणीची जुनी वही चाळून ठेवली होती. बहुतेकांचे सहा, काहींचे सात, डॉक्टरांचे एकदा आठ. साहेबांच्या पुढे जायचं नाही, मागेही फार राहायचं नाही. सात.

बाईंनी टाळी वाजवली. गच्ची गप्प झाली. उस्तादाने मान वर केली, ओठ हलवत मोजल्यासारखं केलं, मध्ये एकदा चुकून पुन्हा सुरुवातही केली. मग चाचपत सात लिहिला.

बाई टॉर्चच्या उजेडात वाचू लागल्या. "शून्य. शून्य. शून्य..."

उस्तादाने मनातल्या मनात वही पुन्हा चाळली.

"शून्य. सात."

"सात?" बेकरीवाला खो खो हसला. "उस्ताद, एवढा जाड ढग आलाय वर! आरपार बघितलंत की काय?"

मंडळाच्या नियमात ढगालाही आकडा होता. दिसलं नाही तर शून्य लिहायचं. वहीत ते उस्तादाला सापडलं नव्हतं, कारण इतकी वर्षं त्या दिवशी आभाळ स्वच्छच असे.

डॉक्टर हसले नाहीत. ते समोर येऊन उभे राहिले, काही न बोलता हात पुढे केला. उस्तादाने तो घेतला नाही. त्याला तो दिसलाच नव्हता.

"किती दिवस झाले?" आवाज हातभर अंतरावरून आला.

उस्तादाने अंदाजाने झेप घेऊन डॉक्टरांची बाही धरली. "साहेब, निवृत्तीला तीनच वर्षं उरलीत. सही करा. एकोणीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. हवं तर पाया पडतो, पण पाय कुठे आहेत तेवढं सांगा."

"गाडीत माणसं किती बसतात?"

"बसून चव्वेचाळीस."

"हे बरोबर मोजलंत."

"साहेब, मला दुसरं काही येत नाही हो!"

डॉक्टरांनी बाही सोडवली नाही. "सोमवारी दवाखान्यात या," एवढंच म्हणाले. "सही मी करणार नाही. उपचार होतील तेवढे करू."

बाईंनी विचारलं, सात खोडू का? डॉक्टर म्हणाले, आपल्या वहीत खोडत नाहीत.

जिन्याखाली बायको उभी होती. तिने चेहरा बघितला आणि कोपर पुढे केलं.

पुढच्या महिन्यात उस्तादाला डेपोत टायर मोजायला बसवलं, दिवसाउजेडी. मंडळाला तिवई आवळायला माणूस उरला नाही. बायकोच्या संध्याकाळी त्याला डेपोतून घरी आणण्यात गेल्या. आणि ते चव्वेचाळीस जण? नवा ड्रायव्हर अंधारात गाडी हळू चालवतो, म्हणून ते रोज त्याला चार शब्द सुनावत सुखरूप उतरत. या सगळ्यापायी त्यांनी मोजले ते फक्त तिकिटाचे पैसे.