नको म्हणणारे पितर

पितृपंधरवड्यातला गुरुवार होता. रिहे खोऱ्यातल्या एका भाड्याच्या फार्महाउसपुढे सकाळी अकरालाच पायताणांचा एवढा ढीग पडला होता, की परत जाताना ज्याला जी सापडतील ती त्याची. आत हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे, उदबत्त्यांचा धूर आणि समोर चौरंगावर हळदीकुंकू वाहिलेला एकोणतीस इंची टीव्ही. त्याच्या उजव्या कोपऱ्यावर झेंडूचा जाड हार लोंबत होता. टीव्हीच्या डोक्यावर तांब्याची तार गुंडाळलेला नारळ होता आणि शेजारी भगव्या गादीवर चित्रनाथ महाराज बसले होते.

"पितृलोक म्हणजे काय?" महाराज डोळे मिटून बोलत होते. "लहरी! माणूस मरतो म्हणजे काय होतं? त्याचं स्टेशन बदलतं, एवढंच. आम्ही इकडून सूर लावतो, ते तिकडून दर्शन देतात. छत्री नको, केबल नको. हा नारळ हाच आमचा अँटेना."

लोकांनी नारळाला हात जोडले. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या जनार्दनने मात्र नारळाऐवजी टीव्हीची मागची बाजू दिसते का ते पाहिलं. ती दिसत नव्हती. तिथे भगवा पडदा होता.

जनार्दनचं पिरंगुटला टीव्ही दुरुस्तीचं दुकान. माणूस जन्माचा संशयी. चहात साखर घातली आहे असं सांगितलं, तरी हा आधी ढवळून बघणार. पंचवीस वर्षांत त्याने हजारो टीव्ही उघडले होते. आत त्याला पाली सापडल्या, झुरळं सापडली, एकदा विंचूही सापडला. पितर मात्र कधी सापडले नव्हते. तो इथे आला होता तो भाचीच्या फोनमुळे. वैष्णवी रडत म्हणाली होती, "मामा, आय खाचर देऊन टाकतीया महाराजांना. बा टीव्हीत येऊन सांगून गेला म्हनं. सोमवारी पौडला दानपत्र करायचं ठरलंय. तू ये."

वैष्णवीचा बाप, म्हणजे जनार्दनचा दाजी कोंडाजी, तीन वर्षांपूर्वी वारला होता. मागे राहिलं होतं एक भाताचं खाचर. त्याच्यावर जनार्दनच्या थोरल्या बहिणीचं, रंभाबाईचं घर चालत होतं आणि वैष्णवीचं कॉलेजही. खाचर गेलं तर मायलेकींनी खायचं काय, याचं उत्तर पितृलोकातून अजून आलेलं नव्हतं.

टीव्हीवर दुपारच्या बातम्या लागल्या. महाराजांनी हात वर केला. "थांब!" आणि बातम्या देणारी बाई अर्ध्या शब्दावर, तोंड उघडं ठेवून थांबली. महाराजांनी चार मिनिटं मंत्र म्हटला. मग "चल!" म्हणताच बाईने उरलेला अर्धा शब्द पुरा केला आणि बातम्या पुढे सुरू झाल्या.

"काळ थांबवला हो," पुढे बसलेले पोलीस पाटील म्हणाले.

जनार्दन उठला आणि लघवीच्या निमित्ताने बाहेर पडला. रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात छोट्या टीव्हीवर त्याच बातम्या चालू होत्या. बाई सांगत होती, की सोलापूरकडे ट्रक उलटला आणि रस्त्यावर कांदाच कांदा झाला. जनार्दन घड्याळ बघत आत परतला. चार मिनिटांनी महाराजांच्या टीव्हीवर तीच बाई तोच ट्रक पुन्हा उलटवत होती.

म्हणजे काळ रिह्याच्या रस्त्यावर थांबला नव्हता. फक्त या एका टीव्हीला उशीर झाला होता.

एवढ्यात बातम्या चालू असतानाच टीव्हीच्या उजव्या बाजूला, हाराला चिकटून एक लहान खिडकी उघडली आणि तिच्यातून एक म्हातारा डोकावला. छातीपर्यंतच दिसत होता. त्याने मान हलवली, दोन्ही पंजे पुढे पसरले आणि ओठ हलवले. आवाज नव्हता. हॉलच्या मधून एक बाई "आप्पाऽ" म्हणून रडायला लागली. तिथल्या शिरस्त्याप्रमाणे तिने अकरा दिवस आधी आप्पांचं नाव, गाव आणि एक फोटो महाराजांच्या सेवकाकडे, दत्ताकडे, दिला होता.

"त्यांचा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही. तो फक्त आम्हाला येतो," महाराज म्हणाले. "आप्पा म्हणतात, नको. त्या घरात राहू नका."

तेवढ्यात खिडकीच्या कडेला पांढऱ्या बाणाचं टोक दिसलं आणि गेलं. "पाहिलात?" महाराज चटकन म्हणाले. "यमदूताचा बाण! वेळ संपली." लोकांनी बाणालाही हात जोडले. हा यमदूत जनार्दनने बँकेतल्या कॉम्प्युटरवर माऊसबरोबर फिरताना अनेकदा पाहिला होता.

त्यानंतर आणखी तीन पितर आले. तिघांनीही मान हलवली, पंजे पसरले, नको म्हटलं. घरी जाताना जनार्दनला हीच गोष्ट कुरतडत होती. खोऱ्यातले झाडून सगळे मेलेले एकाच गोष्टीला नको म्हणतात, ती कोणती?

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. रंभाबाई ओट्यावर भाकरी थापत होती.

"आक्का, दाजी काय म्हनले नेमकं?"

"नको म्हनले. असे हात केले." तिने पिठाचे पंजे पुढे पसरून दाखवले. "महाराजांनी सांगितलं, ते म्हंत्यात खाचर नको, त्याच्यातच माजा जीव आडकलाय, देऊन टाक, मंग मी सुटतो."

"आन तुला पटलं?"

"जना, तीस वर्सं नांदले मी त्या मानसाबरूबर. माज्या डोळ्यांनी बगितलं. मान हलवायची तीच तऱ्हा. ते तितं आडकून पडल्यात आन मी हितं भात खाऊ व्हय?" तिचे डोळे भरले. "तुजं काय जातंय संशय घ्यायला. तुजा न्हवरा मेलाय का?"

जनार्दनला रागही आला आणि वाईटही वाटलं. बहीण वेडी नव्हती, तिला दुःख होतं. आणि दुःखाचं दार उघडं दिसलं की चोर बरोबर तिथूनच शिरतो. तो जेवायला बसला. रंभाबाईने तिसरी भाकरी वाढायला हात पुढे केला, तसे त्याने दोन्ही पंजे ताटावर आडवे धरले आणि मान हलवली.

"बास, आक्का, नको."

आणि तो तसाच, पंजे धरून बसून राहिला.

रविवारी तो पुन्हा त्या हॉलमध्ये होता. आज रंभाबाईचा मान होता. कोंडाजी सर्वांसमक्ष शेवटची आज्ञा देणार आणि उद्या कागद होणार. दानपत्राचा मसुदा चौरंगावर हळदीकुंकवाजवळच ठेवला होता. वैष्णवी आईच्या मागे पदर धरून बसली होती. बातम्या थांबल्या, चालू झाल्या, खिडकी उघडली आणि कोंडाजी आला. जिवंतपणी होता तसाच, गालफडं बसलेला, टोपी मागे सरकलेली. मान हलवली, पंजे पसरले. रंभाबाईचा हुंदका फुटला. जनार्दननेही मान पुढे काढून पाहिलं. तो खरंच दाजी होता.

"कोंडाजी म्हणतात, खाचर नको, नको," महाराजांनी सुरू केलं.

"महाराज," जनार्दन उभा राहिला. "तेवढा हार बाजूला करा."

"तो पितरांचा मान आहे. काढलात तर कोप होईल."

"माजाच दाजी हाय. कोपला तर माज्यावर कोपंल." त्याने पुढे जाऊन हार उचलला. खाली, खिडकीच्या कोपऱ्यात, व्हिडिओ कॅमेरा उमटवतो तसले पिवळे आकडे होते: १६-५-१९९९.

"आज दोन हजार आठ साल हाय. दाजी जाऊन तीन वर्सं झाली," जनार्दन म्हणाला. "आन ही नऊ वर्सांमागची तारीख?"

महाराज हसले. "बाळा, तिकडचा काळ वेगळा असतो."

आणि खरं सांगायचं तर अर्ध्या हॉलने माना डोलावल्या. ज्याला फसायचंच असतं त्याच्यापुढे पंचांगही लुळं पडतं. पोलीस पाटील तर रागावून म्हणाले, "ए जनार्दन, खाली बस. तुला देवाधर्माचं काय कळतंय?"

"देवाधर्माचं न्हाई कळत, पाटील. वायरीचं कळतंय." जनार्दनने टीव्हीच्या मागे हात घातला, वायर पकडली आणि विहिरीतून बादली ओढावी तसा वायरीच्या मागे मागे गेला. वायर भगव्या पडद्यात शिरली. त्याने पडदा सर्रकन ओढला.

पलीकडच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता. बाजूला एक जुना व्हीसीआर, भिंतीला टेकून कॅसेटींची चार पोती, पोत्यांवर गावांची नावं. आणि खुर्चीत माऊसवर हात ठेवलेला दत्ता. कॉम्प्युटरवरही कोंडाजी होता. महाराज किंचाळले, "बंद कर!" पण दत्ता माऊस सोडून खुर्चीत मागे सरकला.

"काय हाय ते सांगतोस, का मी सांगू?" जनार्दनने विचारलं. मग त्यानेच कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि आतल्या हिरव्या कार्डावर बोट ठेवलं.

"हे बगा तुमचा पितृलोक. कॉम्प्युटरला चित्र दाखवायचं कार्ड हाय. असलं मी माज्या हातानं एका गिऱ्हाइकाला बसवून दिलंय, त्याच्या लग्नाची कॅसेट सीडीवर घ्यायची हुती. ह्याच्यात केबल लावली की टीव्ही लागतो. चालू बातम्या हे साठवून ठेवतं, म्हनून थांबवता येत्यात आन मागनं चालू करता येत्यात. व्हीसीआर जोडला की कॅसेटीतलं चित्र आत उतरून घेतं. आन ते चित्र चालू बातम्यांवर ल्हान खिडकीत दाखवतं. तितनं वायर तुमच्या टीव्हीला. नारळाचा संबंध फक्त चटणीशी."

कुणीतरी खुदकन हसलं. मग दत्ता बोलायला लागला. महाराजांचं मूळ नाव शेखर. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगमध्ये हा दिवा धरायचा. शूटिंगवाला वारला, तेव्हा त्याच्याकडच्या कॅसेटींची पोती याने उचलली. खोऱ्यातल्या प्रत्येक लग्नात खोऱ्यातला प्रत्येक माणूस जेवलेला. फोटो आला, की त्या गावची कॅसेट काढून अकरा दिवसांत तो चेहरा पंगतीत शोधायचा. घरच्यांनी ती कॅसेट पाहिलेली नसायचीच, कारण व्हीसीआर भाड्याने आणणार कोण?

"पन मान कशाला हलवत्यात?" मागून त्या आप्पांच्या मुलीने विचारलं.

"दत्ता, खिडकी पुरी मोठी कर, कडा न कापता," जनार्दन म्हणाला.

टीव्हीवर चित्र पडदाभर पसरलं. मांडव होता, पत्रावळी होत्या, पंगत बसली होती. कोंडाजीच्या पुढ्यात जिलेबीचं ताट घेऊन एक काळ्याभोर केसांचा तरणा गडी वाकला होता आणि आग्रह करकरून वाढू पाहत होता. तो जनार्दन होता, भरे गावी झालेल्या त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नातला. पंगतीत आग्रह सुरू झाला, की शूटिंगवाला कॅमेरा घेऊन तिथे धावायचा. नको नको म्हणणाऱ्या तोंडांनीच त्याच्या कॅसेटी भरलेल्या होत्या. आणि कोंडाजीच्या डाव्या हाताला, तोंडात घास घेऊन, साक्षात पोलीस पाटील बसले होते.

"पाटील," जनार्दन म्हणाला, "तुमी कदी गेलात?"

हॉल हसला, पण रंभाबाई हसली नाही. ती उठून टीव्हीपुढे जाऊन उभी राहिली होती.

"आवाज हाय का ह्याला?" तिने दत्ताला विचारलं.

"हाय. आमी बंद ठेवायचो."

"सोड."

सनई आणि भांड्यांचा खणखणाट हॉलमध्ये घुमला, आणि त्यातून तीन वर्षांत कुणी न ऐकलेला आवाज आला. कोंडाजी पंजे आडवे धरून म्हणत होता, "आरं बास की जना, पोट हाय का कणगी? माज्या वाटची तुज्या आक्काला ठेव. बाया मागनं बसत्यात, त्यांच्या पानात काय ऱ्हात न्हाई."

रंभाबाई मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडली. जनार्दनचेही डोळे भरून आले. तिचं खाचर लुबाडायला निघालेल्या माणसाचा त्याला राग होताच. पण मेलेल्या माणसाचा आवाज दाबून त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे, याची त्याला जास्त चीड आली. तेवढ्यात शेखर मागच्या दाराने निघाला होता. पाटलांनीच त्याचा दंड धरला. स्वतःच्या मरणाची बातमी त्यांना फार लागली होती.

यंत्राचा यात काडीचा दोष नाही. ते बिचारं जे दाखवायला सांगाल ते दाखवतं. म्हणून कुणी चमत्कार दाखवला, की पाया पडण्याआधी वायर कुठे जाते ते बघा. कोपरा झाकलेला असेल तर तो उघडायला लावा. आणि "हे फक्त मलाच ऐकू येतं" असं कुणी म्हणालं, तर त्याला आवाज सोडायला सांगा. एवढं विचारल्याने कोणत्याही देवाचा अपमान होत नाही, आणि ज्याचा होतो तो देव नव्हे.

रंभाबाईने डोळे पुसले. चौरंगावरचा मसुदा उचलून तिने त्याचे चार तुकडे केले आणि दत्ताकडे वळली.

"खिडक्या उगडा," ती म्हणाली. "आन ते फिरून लाव. ठेव म्हनलेलं मला परत ऐकायचंय."