फरहीनची किंकाळी

मुलांनो, जरा कल्पना करून बघा. तुमची नोकरी भुताची आहे. सकाळी डबा घेऊन कामावर जायचं, तोंडाला पांढरा रंग फासायचा आणि अंधारात एका काळ्या पेटीत जाऊन झोपायचं. माणसं आली की झाकण उघडून ओरडायचं. संध्याकाळी आई विचारणार, "आज कितीजण घाबरले रे?" जमेल तुम्हाला?

ज्योतीरामला जमतं. चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या रांगा संपतात तिथे पाळण्यांचं आणि घसरगुंड्यांचं एक मोठं उद्यान आहे. तिथल्या भूतबंगल्यात तो काम करतो. आधी तो गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. "तिथं सायब मला भ्या दाखवायचे, हितं मी लोकांना दाखवतो," असं तो सगळ्यांना सांगतो.

एका सोमवारी उद्यानात एका रुग्णालयातली मुलं सहलीला यायची होती. मोठ्या आजारांशी झगडणारी मुलं. व्यवस्थापक सोपानरावांनी सकाळीच भुतांना बोलावून ताकीद दिली. "आज दिवे चालू ठेवायचे. ओरडायचं नाही. हसायचं आणि हात हलवायचा."

आता दिवे लावलेला भूतबंगला कसा दिसेल, सांगा बरं! कोळ्याची जाळी म्हणजे नुसता दोरा निघाला. सांगाड्यामागे टेबलफॅन दिसू लागला. हडळ स्टुलावर बसून चहा पीत होती. मुलं आली, तसा ज्योतीराम पेटीतून हळूच उठून बसला आणि म्हणाला, "या, या. सावकाश. पुढं पायरी हाय."

बाकीची मुलं हसत पुढे गेली. एक मुलगी मात्र तिथेच उभी राहिली. तिचं नाव फरहीन. देहूरोडची, दहा वर्षांची. वर्षभर तिच्यावर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू होते. डोक्यावर नुकतेच बोटभर केस आले होते आणि नाकातोंडावर मास्क होता.

"तुम्ही भूत आहात ना?" तिने विचारलं.

"व्हय."

"मग आमच्या शाळेच्या वॉचमनसारखं काय बोलता?"

हडळ चहा सांडेपर्यंत हसली. ज्योतीराम ओशाळला. "सायबांनी सांगितलंय, पोरी. आज कुणाला भ्या दाखवायचं न्हाई."

फरहीनचे डोळे भरून आले. तिने दाराकडे पाहिलं. बाहेर तिची अम्मी, नजमुन्निसा, वाट बघत बसली होती. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, मला ओरडायचंय. खूप मोठ्यानं. दवाखान्यात सुई टोचतात तेव्हा मी ओरडत नाही, कारण मी ओरडले की अम्मी रडते. इथे सगळेच ओरडतात ना? म्हणून तर मी आले."

ज्योतीरामने तोंडातले खोटे सुळे काढले आणि तो तडक बाहेर गेला. सोपानराव त्याचं ऐकून दचकलेच. "अहो राव, पोरीला काही झालं म्हणजे?"

मुलांसोबत आलेल्या तेजल सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ त्या नुसतं "हो सर, हो सर" करत राहिल्या. मग हसल्या. "धावायचं नाही, मास्क काढायचा नाही आणि माझा हात सोडायचा नाही. घाबरायला हरकत नाही म्हणाले."

"आणि ओरडायला?" फरहीनने विचारलं.

"ते तर जरूर ओरड म्हणाले."

सोपानरावांनी दिवे बंद केले. सिस्टरचा हात धरून फरहीन पुन्हा पहिल्या दारातून आत शिरली. सांगाडा खडखडला. हडळ कण्हली. मग धाडकन पेटीचं झाकण उघडलं आणि ज्योतीराम गरजला, "हाऽऽऽ!"

फरहीन ओरडली. अशी ओरडली, की आकाशपाळण्याच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. तिने पुन्हा छातीभर श्वास घेतला आणि पुन्हा ओरडली. तिसऱ्या वेळी तर सिस्टरही तिच्याबरोबर ओरडल्या.

"अगं बास, बास!" ज्योतीराम पेटीत मटकन बसला. "माझंच काळीज हाललं की!"

किंकाळ्या ऐकून नजमुन्निसा हातातली पिशवी टाकून धावत आली. "क्या हुआ, बेटा?"

फरहीन दारात आली. मास्कच्या वर तिचे डोळे लकलकत होते. "काही नाही, अम्मी. आत भूत आहे."

नजमुन्निसाने मान हलवली, पण तिला हसू येईना. तिने ओढणीचं टोक तोंडावर गच्च दाबून धरलं होतं.

फरहीन क्षणभर त्या ओढणीकडे बघत राहिली. मग तिने अम्मीचा हात धरला, आत तोंड करून हाक मारली, "काका, परत पेटीत झोपा, आणखी एकजण आहे!" आणि ती अम्मीला घेऊन अंधारात शिरली.