खुर्चीपासून नववी पट्टी

शिडीवरून उतरून ती फरशीवर पालथी झाली आणि एक डोळा मिटून पहिल्या रबरी पट्टीखाली पाहू लागली. पट्टीच्या टोकाला टांगलेला लोखंडी गोळा फरशीपासून दोन बोटं वर असायला हवा होता. तो फरशीवर निवांत टेकला होता, जेवून वामकुक्षीला पडलेल्या माणसासारखा.

"टेकला ना परत?" खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या आईनं विचारलं.

"टेकला."

"कालच तर आखूड केली होतीस ती."

"काल केली, परवाही केली." लेक उठून गुडघे झटकू लागली. गुडघ्यांवरची पांढरी पावडर काही गेली नाही. "आणि आज चार वाजता ती माणसं येणार आहेत."

आईनं मांडीवरच्या टॉवेलला हात पुसले आणि बाहेर बघू लागली.

येणार होते दोघे जण, एक वास्तुकार बाई आणि एक हाडांचे डॉक्टर. मोडलेली माणसं जिथं पुन्हा चालायला शिकतात अशा एका दवाखान्याची नवी इमारत उभी राहत होती आणि तिच्या दर्शनी दालनात एक शिल्प हवं होतं. लेकीनं ट्रकच्या जुन्या ट्यूब कापून नऊ पट्ट्या केल्या होत्या. त्या वरच्या दांडीला ओळीनं टांगल्या होत्या आणि हळू फिरणारी एक मोटर त्यांना उचलून पुन्हा सोडत होती. तिच्या डोक्यात होतं ते इतकंच. पाय नकोत, माणूस नको, नुसतं चालणं. वास्तुकार बाईंना कल्पना आवडली होती, पण "प्रत्यक्ष हलताना बघू, मग ठरवू," असं म्हणून त्यांनी तिचा जीव टांगणीला लावला होता. जमलं नाही तर काम दुसऱ्या एका शिल्पकाराकडे जाणार होतं. त्याच्याकडे पितळेचा उधळलेला घोडा तयारच होता. खुबा मोडलेल्या माणसांसमोर उधळलेला घोडा! हे ऐकून आई इतकी हसली होती की तिला स्वतःच्या मोडलेल्या खुब्यावर हात धरावा लागला होता.

लेकीला मात्र हसू येत नव्हतं. तीन वर्षांत तिच्याकडे आलेलं हे पहिलं मोठं काम होतं. हेही गेलं तर पुन्हा शाळेच्या नाटकांसाठी पुठ्ठ्याचे मुखवटे करत बसावं लागणार होतं.

मुळात तिच्या पट्ट्या हलत होत्या, पण चालत नव्हत्या. सगळ्या एका तालात वर जायच्या आणि एका तालात खाली यायच्या. "ही कवायत झाली, यात चालणं कुठंय?" असं आईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मग लेक बसथांब्यावर जाऊन लोकांची पावलं बघत बसली. कोण टाच आधी टेकवतं, कोण चवडा घासतं, कोण वळताना क्षणभर अडखळतं. "बाई, काही हरवलंय का?" असं एका गृहस्थांनी वाकून विचारलं, तेव्हा ती तिथून उठली. पावलं पाठ झाली, पण रबरात काही उतरली नाहीत. त्यात आता पट्ट्या आपोआप सैल पडू लागल्या होत्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

तिनं टायरवाल्याला फोन लावला.

"अहो, तुमचं रबर मरतंय."

"बाई, ते पाच वर्षं ट्रकखाली काढून आलंय," तो म्हणाला. "तुमच्याकडे दोन आठवड्यांत मरत असेल, तर तुम्हीच काहीतरी जाच करत असणार."

"मी काय जाच करणार? पावडर लावते, उन्हात ठेवत नाही."

"मग या, नवी ट्यूब घेऊन जा. आणखी काय सांगू?"

तिनं अ‍ॅप्रन काढून आईच्या वॉकरवर टाकला. खुर्चीशेजारच्या त्या वॉकरचा उपयोग सध्या एवढाच होता.

आईचा खुबा मोडून तीन महिने झाले होते. लेक तिला रोज सकाळी चाकांच्या खुर्चीतून घरामागच्या या कामाच्या खोलीत आणायची आणि इथल्या वेताच्या खुर्चीत बसवायची. हाड छान जुळलंय, आता उरलीय ती भीती, असं फिजिओथेरपिस्ट बाई दर खेपेला सांगायच्या. रोज संध्याकाळी लेक आईचे दोन्ही हात धरून तिला उभी करायची. "सावकाश. हां, आता डावा. घाबरू नकोस, मी आहे ना!" दुसऱ्याच पावलाला आईचा पाय लटपटायला लागायचा आणि ती मटकन खाली बसायची. एकदा फिजिओ बाईंनी लेकीलाच, जरा बाहेर थांबता का, असं विचारलं होतं. ती थांबली होती, आणि तिला त्याचा रागही आला होता. आई आता कधीच उठणार नाही, अशी धास्ती तिनं घेतली होती. ही धास्ती तिनं कोणापाशी बोलून दाखवली नव्हती, पण पट्ट्यांशी झटताना तीच तिच्या डोक्यात घोळत असायची.

"किती वेळ लागेल?" आईनं विचारलं. हे ती रोजच विचारायची.

"तासभर. काही हवंय का?"

"तेवढी तेलाची बाटली सरकव इकडे. गुडघा धरलाय."

"किती तेल लागतं गं तुझ्या गुडघ्याला! परवाच तर नवी आणली."

"म्हातारा गुडघा आहे, पितो तेल," आई म्हणाली. "तू सावकाश ये. रस्त्यात धावपळ करू नकोस."

ती परतली तेव्हा खांद्यावर ट्यूबचं वेटोळं होतं आणि त्यानं मान खाली दबली होती. एरवी दारात पाऊल टाकलं की तिची नजर आधी खुर्चीकडे जायची, आई ठीक आहे ना म्हणून. आज वाकल्या मानेमुळे नजर फरशीवर गेली, आणि नऊच्या नऊ गोळे तिला एका ओळीत दिसले.

खुर्चीजवळचा पहिला गोळा फरशीवर टेकलेला होता. दुसरा जेमतेम सुटा. तिसरा त्याहून थोडा वर. असं करत करत दाराजवळचा नववा गोळा जवळपास जागच्या जागी होता. इतके दिवस ती एकेक पट्टी टेप लावून मोजत होती. सगळ्यांकडे मिळून पाहायचं तिला सुचलंच नव्हतं.

वेटोळं खाली टाकून ती पहिल्या पट्टीपाशी गेली आणि पक्कड लावून तिला ओढू लागली. पक्कड सटकली. तिनं बोटांनी पट्टी चिमटीत धरली. रबर मऊ पडलं होतं, फुगलं होतं. तिनं बोटं नाकाशी नेली. तिळाचं तेल!

रबराला तेल लावू नये हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तेल रबरात मुरतं, त्याला फुगवतं, त्याचा ताणच काढून घेतं. ती दुसऱ्या पट्टीकडे गेली, मग तिसरीकडे. सगळीकडे तेच. खोलीची किल्ली तिच्याशिवाय कोणाकडे नव्हती.

"आई, या पट्ट्यांना तेल लावलंस तू?"

आईनं मान वळवली नाही. "कोरड्या पडल्या होत्या गं. पांढऱ्याफटक. तू नुसती टेप लावतेस, कधी हात फिरवत नाहीस त्यांच्यावरून."

"ती पावडर आहे! मीच लावते ती, चिकटू नयेत म्हणून."

"मला काय माहीत? मला वाटलं, सुकल्या."

"रोज लावत होतीस?"

"रोज थोडं थोडं."

"अगं, आज चार वाजता ती माणसं..." तिचा आवाज चढला. तेलही गेलं, तूपही गेलं, आता हाती धुपाटणं. डोळ्यांसमोर तो पितळी घोडा चारी खुरांनी उधळत दवाखान्यात शिरला. "इतकी वर्षं मी हे काम करतेय, तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही? आणि तू तिथपर्यंत..."

ती थांबली.

तिचा हात नवव्या पट्टीवर होता. तिथली पावडर बहुतेक तशीच होती. तिच्यात फक्त चार बोटांचे ताजे, ओले ओघळ होते, तिच्या स्वतःच्या खांद्याएवढ्या उंचीवर. ती पुन्हा पहिल्या पट्टीकडे गेली. तिथं तेल बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढंच, खालच्या भागात मुरलेलं होतं. दुसऱ्या पट्टीवर ते कमरेपर्यंत होतं. चौथीवर त्याहून वर.

तिनं वॉकरकडे पाहिलं. अ‍ॅप्रन टाकला होता तसाच होता. पण वॉकरच्या चारही पायांची काळी रबरी टोपणं पांढरी झाली होती. पट्ट्यांखाली फरशीवर सांडलेली पावडर त्यांना लागली होती.

खुर्चीपासून दारापर्यंत नऊ पट्ट्या. कधीपासून, कशी, एकटी, पडलीबिडली असतीस तर, हे सगळं एकाच वेळी तिच्या ओठांवर आलं. ती एक पाऊल पुढे झाली. तेवढ्यात आईच्या मांडीवरचा टॉवेल बारीक हलायला लागलेला तिला दिसला. त्याखाली आईचा पाय थरथरत होता.

ती होती तिथेच थांबली. मग पाठ फिरवून तिनं ट्यूबचं वेटोळं उचललं आणि उगाचच कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

"नव्या पट्ट्यांना तेल नको लावूस," ती कोपऱ्याकडे बघत म्हणाली.

"बरं," आई म्हणाली. थोड्या वेळानं टॉवेल हलायचा थांबला.

घड्याळात तीन वाजून गेले होते. झटपट कापल्या असत्या तर नऊ पट्ट्या बदलून झाल्या असत्या. तिनं कटर हातात घेतलं, पातं बाहेर काढलं, पुन्हा आत घातलं. मग जाऊन मोटरचं बटण दाबलं.

पहिली पट्टी वर ताणली गेली, पण गोळा लगेच उठला नाही. जरा घसटला, मग उठला आणि धपकन टेकला. दुसरी त्याच्यामागून, काहीशी उशिरा. तिसरी वर गेली आणि तिथेच डळमळली. एकीचाही ताल दुसरीशी जुळत नव्हता. दाराकडे जाता जाता मात्र गोळे हलके होत गेले, आणि नववा फरशीला न लागता जागच्या जागी झुलला. लेक तोंडावर हात धरून बघत राहिली. हे बरं होतं की वाईट, तिला कळेना. एवढंच कळत होतं की या पट्ट्या फार तर महिनाभर टिकतील आणि हा सैलपणा मुद्दाम पुन्हा आणायचा तर तो कसा, हे तिला ठाऊक नव्हतं.

"घाबरलंय बिचारं," आई म्हणाली.

"हो."

"त्यांना आवडेल?"

"माहीत नाही गं. मला काहीच माहीत नाही." तिनं हात पँटला पुसले. "पण राहू दे असंच."

चार वाजायच्या सुमाराला बाहेर गाडी थांबली. गाडीची दारं वाजली, कोणीतरी खाकरलं. लेक घाईघाईनं शिडीवर चढली आणि खोलीकडे पाठ करून वरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तिथं करण्यासारखं काहीच नव्हतं.

खोलीच्या दाराची बेल वाजली.

"आई," ती दांडीकडे बघत म्हणाली, "माझे हात गुंतलेत. दार उघडतेस?"

मोटर घरघरत होती, गोळे टेकत होते, उठत होते. बेल पुन्हा वाजली, या वेळी जरा लांब. पडली तर, असं तिच्या मनात आलं आणि मान आपोआप वळू लागली. तिनं ती आवरली आणि दांडी आणखी घट्ट धरली.

वेताची खुर्ची करकरली. मग बराच वेळ काही नाही.

मग फरशीवर वॉकरचं रबर टेकल्याचा आवाज झाला.