तळ्याकडे जाणारा बाण

सलग तीन दिवसांच्या सुट्टीतला तो मधला दिवस होता. उद्यानाचं वाहनतळ साडेआठलाच भरलं होतं आणि तिकीट खिडकीची रांग मोठ्या रस्त्याला टेकली होती. पेंटर आणि त्यांची बायको त्या रांगेत तासभर उभे होते.

"पिशवी एवढी जड कशाने झाली?" बायकोने विचारलं.

"पाणी आहे."

"पाण्याला टर्पेंटाइनचा वास येतो होय?"

रांग सरकल्याचं निमित्त साधून पेंटर पुढे झाले.

बावीस वर्षांपूर्वी या उद्यानाच्या चौदा पाट्या त्यांनी रंगवल्या होत्या. तेरा बरोबर होत्या. चौदावी रंगवताना टेबलावरचा नकाशा उलटा पडला होता, आणि तळ्याचा बाण डावीकडे हवा तो उजवीकडे निघाला. पाटी खांबावर चढली तेव्हा चूक त्यांच्या लक्षात आली. पण पाहणीला आलेले साहेब "अक्षर फार सुरेख" म्हणाले आणि पेंटर गप्प बसले. पुढच्या वेळी दुरुस्त करू, असं त्यांनी ठरवलं. पुढचं काम त्यांच्याकडे आलंच नाही. गेल्या महिन्यात दुकान कायमचं बंद केलं, तेव्हा मनात ती एकच पाटी खुपत राहिली. आज ती सरळ करायची होती.

फाटकाशी हजारभर माणसं होती, पण आत दोनशे पावलांवर जंगलाने त्यांना सामावून घेतलं. दोघांच्या कवेत न मावणारे बुंधे, त्यांच्यामधून पातळ होत गेलेली गर्दी, आणि पोरांच्या आरडाओरड्यावरही स्पष्ट ऐकू येणारा सुतारपक्ष्याचा ठोका. पेंटर दरवर्षी इथे यायचे आणि दरवर्षी मान वर करून थांबायचे. आजही थांबले.

वाट जिथे फुटते तिथे ती पाटी होती. डावीकडून तळं सात मिनिटांवर. उजवीकडची वाट टेकडीला वळसा घालून पाऊण तासाने पलीकडच्या काठावर पोचते. पेंटर नेहमी पाटीकडे न बघता बायकोला डावीकडे न्यायचे. "सगळं जग उजवीकडे आणि आमची स्वारी डावीकडे," असं ती म्हणायची.

झोपलेलं मूल खांद्यावर घेतलेली एक बाई पाटी वाचून उजवीकडे वळली. पेंटरांना राहवलं नाही. त्यांनी पिशवीतून डबा आणि ब्रश काढला.

"ओ काका! पाटीला हात नाही लावायचा." खाकी गणवेशातली वनरक्षक गर्दीतून वाट काढत आली.

"बाण चुकलाय. मीच चुकवलाय. बावीस वर्षं झाली."

ती हसलीच. "म्हणजे ते तुम्ही! हा शहाणा कोण, याची आमच्या चौकीत अजून चर्चा चालते."

"मलाही आजच कळतंय," बायको म्हणाली. "घरातच होता."

"पहिल्याच वर्षी दुरुस्तीचा हुकूम निघाला होता," वनरक्षक सांगू लागली. "तेव्हाचे आमचे साहेब पाटी उतरवायला आले, तर डावीकडच्या लव्हाळ्यात पाणकोंबड्यांची सहा घरटी. तिकडे गर्दी नको म्हणून त्यांनी पाटी राहू दिली. आता चाळीसच्या वर आहेत. बाण फिका पडला की मी तो उजवीकडेच गिरवते."

"पण लोकांना उगाच पाऊण तास..."

"फिरायलाच आलेत ना, काका? आणि तिकडे बाकं आहेत, मचाण आहे." तिने डावीकडच्या वाटेकडे बोट केलं. "डावीकडून फक्त दोघं येतात. दरवर्षी चिखलात ठसे असतात, एक बूट, एक चप्पल. त्यांना एकदा गाठायचंय मला."

पेंटरांनी स्वतःच्या बुटाकडे पाहिलं. बायकोने चपलेकडे.

"गाठलंस, बाई," ती म्हणाली.

वनरक्षक बाईच्या चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं, पण ती रागावली नाही. "मग दंड म्हणून बाण गिरवून द्या. माझ्या हातून टोक जाड होतं."

पेंटरांनी डबा उघडला. हात एकदाही न टेकवता त्यांनी बाण गिरवला, टोक सुईसारखं काढलं. बघायला वीसेक माणसं जमली.

"काका, तळं नक्की इकडेच ना?" एकाने विचारलं.

"पाटीवर लिहिलंय की," पेंटर म्हणाले आणि ब्रश पुसला. मग बायकोला हळूच विचारलं, "गुडघे साथ देतील?"

"बसत बसत येते. एकदा तरी तुमच्या पाटीचं ऐकू या."

त्यांना सव्वा तास लागला. मचाणावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणीतरी सरकून कठड्याशी दोघांपुरती जागा करून दिली. समोरचा काठ त्यांनी आजवर आतून पाहिला होता, समोरून कधीच नाही. लव्हाळ्याची हिरवी भिंत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी होती, आणि तिच्या पायथ्याशी जांभळ्या पाणकोंबड्या लांब लाल पाय टाकत आपापल्या घरट्यांत ये-जा करत होत्या. पिल्लं काळ्या लोकरीच्या गोळ्यांसारखी मागून धावत होती. मचाणावर शंभर माणसं होती, आणि सगळी कुजबुजत बोलत होती.

"आपण कुठे उभे राहायचो?" बायकोने विचारलं.

पेंटरांना शोधायला वेळ लागला. लव्हाळ्यात दोन माणसं मावतील एवढी एक खाच होती. तेवढीच रिकामी होती.

"आता भरेल ती," बायको म्हणाली आणि तिने जेवणाचा डबा उघडला.