मंडपात नेलेली बॅटरी

ऐन गणपतीत, भर दुपारी शिवशरणची बायको पवित्रा गेली. शिवशरण टँकरच्या गॅरेजात होता. शेजारच्या धोंडुबाईनं फोनवर एवढंच सांगितलं, "शिवा, असशील तसा ये." तो कसबा बावड्याला घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गेलेली लाईट मात्र परत आली होती.

चुलीच्या धुरानं पवित्राची फुप्फुसं खाल्ली होती. ऑक्सिजनच्या मशीनवर ती जगत होती. लोडशेडिंगचे तास निभावेत म्हणून शिवशरणनं घरात इन्व्हर्टरला मोठी बॅटरी जोडली होती. तिनं आजवर कधी दगा दिला नव्हता.

"सुटली बिचारी," बायका म्हणाल्या. तिला सुटायचं होतं का, हे कुणी विचारलं नाही.

पवित्रा गेल्यावरही इन्व्हर्टर ओरडत होता म्हणून धोंडुबाईनं त्याचा खटका बंद केला होता; त्यामुळे लाईट आल्यावरही बॅटरी चार्ज झाली नव्हती. माती दिल्यावर दुसऱ्या दिवशी शिवशरणनं बॅटरीची बुचं काढली. झाकणाच्या खाचेत थर्माकोलचे दाणे आणि चमकी होती. ॲसिडचा जोर मोजायचा हायड्रोमीटर आत घातला, तर तरंगता काटा तळाला गेला. बॅटरी रिकामी.

"महांतेशनं न्हेल्ती रं आदल्या रात्री, देखाव्याच्या लायटिंगला," धोंडुबाई म्हणाली. "पवित्रानंच दिली. म्हणाली, न्या, पर ह्यांस्नी सांगू नगा, उगं वरडत्यात. त्याच दिशी सकाळी आणून जोडली की त्यानं."

महांतेश, त्याचा धाकटा भाऊ, संध्याकाळी आला. रडून डोळे सुजले होते.

"आण्णा, बॅटरी तर भरल्याली हुती. सकाळी जोडताना मी सवता बल्ब लावून बघितला. लख्ख लागला. मग मशीन कशानं बंद पडलं?"

गॅरेजात नव्या माणसाला सांगावं तसा शिवशरण बोलू लागला.

"बॅटरी म्हंजे घागर न्हवं, महांत्या. लाईट भरून ठेवत न्हाईत तिच्यात. आत शिशाच्या पट्ट्या आन् ॲसिड असतं. वापरशील तसा ॲसिडचा जोर पट्ट्यांस्नी जाऊन चिकटतो, मागं निस्तं पाणी उरत जातं. चार्जिंगला लावलं की उलटं हुतं. पट्ट्या मोकळ्या हुत्यात, ॲसिड पुन्ना कडक. पर त्येला येळ लागतो."

"मग बल्ब कसा लागला?"

"बल्बाला घोटभर पुरतं. मरायला टेकल्याली बॅटरी बी तेवढं देती."

तो थांबला. पुढचं वाक्य सोपं होतं. मशीनला पोटभर लागतं, आणि ते रात्रभर तुझ्या मंडपानं पिऊन टाकलं होतं.

"म्हंजे बॅटरीच खराब हुती म्हण की," महांतेश म्हणाला. "दुकानदारानं गंडवलं तुला."

"व्हय," शिवशरण म्हणाला. त्याला त्या एका शब्दाची किळस आली.

विसर्जनानंतर मंडळाच्या देखाव्याला पहिला नंबर मिळाला. महांतेशनं बक्षिसाची ढाल आणून पवित्राच्या फोटोशेजारी ठेवली. "वैनीची बी हाय ही. तिनंच बॅटरी दिल्ती," म्हणाला आणि पोरासारखा रडला. गल्लीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शिवशरणनं भावाच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच हातानं त्याचा गळा धरावासा वाटत होता.

आता महांतेशचं लग्न ठरलंय. पोरगी शिवशरणनंच बघितली, सुपारीही त्यानंच फोडली. मशीन कशानं बंद पडलं, हे मात्र त्यानं भावाला अजून सांगितलेलं नाही.