फाटकाजवळचा काळा डाग

मी कवळ्या बनवते. सदतीस वर्षं झाली. कोणाच्या तोंडात काय बसेल आणि काय टोचेल, हे मला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत कळतं. त्यामुळे आमच्या मॉडेल रेल्वेच्या क्लबात बारीक काम निघालं की ते माझ्याच पुढ्यात येतं. फलाटावरचे बाक, सिग्नलची शिडी, स्टेशनमास्तरच्या खोलीतली खुंटी, सगळं माझ्या हातचं आहे, आणि ते उत्तम झालंय. उगाच विनय दाखवायला मला जमत नाही.

क्लबात आम्ही अकरा जण. छापखान्याच्या वरच्या लांबट खोलीत चार वर्षं खपून आम्ही आमच्याच गावाबाहेरचं जुनं स्टेशन उभं केलं, सत्त्याऐंशी पटींनी लहान. ती गाडी बंद होऊन पंचेचाळीस वर्षं झाली. रूळ उखडले, स्टेशन पाडलं, आता तिथे गोदामं आहेत. उरलेत ते चौदा फोटो. गाडी बंद होणार म्हटल्यावर शेवटच्या आठवड्यांत हौशी लोक कॅमेरे घेऊन आले आणि सगळ्यांनी संध्याकाळच्या त्याच एका गाडीचे फोटो काढले.

आमचे अध्यक्ष जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून पाठीमागे त्यांना आम्ही मोजपट्टी म्हणतो. त्यांचा नियम एकच: "फोटो दाखवा, मग बांधा." ऐकीव गोष्टींवर एक वीटही बसवायची नाही.

आणि माझं नेमकं तिथेच अडलं होतं. स्टेशनाजवळच्या फाटकावर अठरा वर्षं माझ्या आईची नोकरी होती. फाटकाला लागून आमचं घर होतं, दोन खोल्यांचं, जाड चिमणीचं. माझा जन्म तिथला. पण ते घर चौदांपैकी एकाही फोटोत नव्हतं, कारण फोटो काढणारे सगळे आमच्याच अंगणात उभे राहायचे, घराकडे पाठ करून. वळणावरची गाडी तिथून झकास दिसायची. आई त्यांना पाणी द्यायची आणि वाफे तुडवू नका म्हणून ओरडायचीही.

"अहो अध्यक्ष, मी बारा वर्षं राहिलेय त्या घरात," मी म्हणाले होते.

"बाई, तुमच्यावर अविश्वास नाही. पण तुमच्या आठवणीतलं घर बांधलं तर उद्या पाववाल्याच्या आठवणीतला हत्तीही बांधावा लागेल."

गाड्या चालवण्याचं काम पाववाल्याकडे असतं. पहाटे बेकरी उरकून तो येतो. तो नुसताच हसला. मी मात्र आठवडाभर अध्यक्षांशी बोलले नाही.

चूक माझीही होती. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. दर रविवारी मी क्लबातून परतले की तिचा ठरलेला प्रश्न, "आपलं घर झालं का गं?" पहिल्या वर्षीच मी ठोकून दिलं होतं, "होतंय." मोजपट्टीला आज ना उद्या पटवीनच, अशी मला खात्री होती. पुढे 'होतंय'चं 'झालं' झालं, आणि आमच्या स्टेशनाच्या प्रदर्शनाचा दिवस उजाडला तरी मांडणीवर घराचा पत्ता नव्हता. घर होतं माझ्या पिशवीत. दाताच्या प्लास्टरचं, कवळीच्या डबीत, कापसात गुंडाळलेलं. ते मांडणीला जोडायला वीतभर फळीसुद्धा मी बोल्टांची भोकं पाडून तयार ठेवली होती. तयारीत मी कमी पडत नाही. घोडं अडलं होतं परवानगीपाशी.

नगर सभागृहात सकाळपासून गर्दी. नऊ फळ्या बोल्टांनी जोडून झाल्या, तारा जुळल्या, पाववाल्याने गाडी सोडली आणि ती एकदाही न अडखळता वळण घेऊन फलाटाला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र दाराकडे बघत होते.

अकराला आई आली. काठी टेकत, मोतीबिंदू काढल्यापासून जे काही दिसतंय ते सगळं मोजून घेत. ती थेट फाटकापाशी गेली, वाकली आणि म्हणाली,

"हे कोणी केलं?"

"आई, मी सांगते तुला, घराचं असं झालं..."

"घराचं नंतर बघते. हा काळा राडा कोणी केला माझ्या फाटकात?"

फाटकापुढे रुळांवर आम्ही कोळशाच्या भुकटीचा मोठा काळा डाग दाखवला होता, आणि शेजारी तेलाचा एक बारीक ओघळ. चौदाही फोटोंत हे दोन्ही जागच्या जागी होते. म्हणजे इंजिन रोज इथे थांबून गळत असणार, असं अध्यक्षांनी अनुमान काढलं. चौदा फोटोंची सरासरी काढून त्यांनी डागाच्या कडा आखून दिल्या आणि मी ब्रशने भुकटी बसवली. तीन रविवार गेले होते त्यात.

"अठरा वर्षं रोज दोनदा झाडायचे मी इथे," आईचा आवाज चढला. "साहेब तपासायला आले की माझं फाटक इतरांना दाखवायचे. आणि तुम्ही चारचौघांत उकिरडा करून ठेवलात?"

अध्यक्ष गर्दीतून पुढे आले. "मावशी, रागावू नका. आम्ही पुराव्याशिवाय काही करत नाही." त्यांनी फाइल उघडून सगळ्यात स्पष्ट फोटो तिच्यापुढे धरला.

आईने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग ती हसायला लागली. काठी हातातून सुटेल इतकी हसली.

"अहो शहाण्यांनो, हा कोळसा नाही. ही माझ्या घराची सावली आहे. मावळतीचं ऊन घराच्या मागून यायचं ना! हे छप्पर. आणि हा वर आलेला ठोकळा म्हणजे चिमणी."

मी कपाळाला हात लावला. त्या सावलीत मी सागरगोटे खेळले होते. संध्याकाळ झाली की रूळ ओलांडून आमच्या घराचं टोक कुठे पोचतं, ते मला पाठ होतं. आणि तीच सावली मी ब्रशने कोळसा म्हणून रंगवली. मोजपट्टीवर चार वर्षं धुसफुसले, पण आंधळी तर मीही होते. मला मनापासून लाज वाटली.

अध्यक्षांनी फोटो परत घेतला. त्यांनी पट्टी काढली, फोटोतल्या सिग्नलच्या खांबाची सावली मोजली, मग चिमणीची. सिग्नलची उंची रेल्वेच्या जुन्या नकाशावरून त्यांना माहीत होती. कागदाच्या कोपऱ्यावर त्यांनी त्रैराशिक मांडलं. पाववाल्याने गाडी थांबवून ठेवली. बघणाऱ्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे.

"चिमणीच्या टोकापर्यंत चार मीटर त्र्याऐंशी," ते म्हणाले. "म्हणजे आपल्या मापात साडेपंचावन्न मिलिमीटर धरा. बाई, आता हे घर बांधायला..."

मी पिशवीतून डबी काढली, कापूस बाजूला केला आणि घर त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी पट्टी लावली. पुन्हा लावली.

"पंचावन्न."

"अर्धा मिलिमीटर घासताना गेला असेल," मी म्हणाले. एरवी हे मी ठसक्यात म्हटलं असतं, तेव्हा हळूच म्हटलं.

फळी लागली, दोन बोल्ट पिळले, घर बसलं. काळ्या डागाची कड घराच्या पायाशी येऊन अशी जुळली की अध्यक्षांनी स्वतःच टाळी वाजवली. आई छपराला एक बोट लावून उभी राहिली. मी तिला चार वर्षं खोटं सांगत होते, हे तिला कळलं होतं की नाही, मी कधीच विचारलं नाही.

"आणि हा ओघळ?" अध्यक्षांनी विचारलं. "तेल नसेल, हीही सावलीच असेल, तर हा खांब कसला? नकाशात इथे खांब नाही."

आईने फोटोकडे पाहिलं. मग काठी माझ्या हातात दिली, ताठ उभी राहिली आणि उजवा हात पुढे केला, मूठ वळलेली, जणू झेंडी धरली आहे.

"गाडी पुरती जाईपर्यंत फोटोवाल्यांच्या मागे, दारापुढच्या दगडावर असं उभं राहायचं. हलायचं नाही. ती मी आहे."

अध्यक्षांनी चौदाही फोटो टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकावर पट्टीचं टोक टेकवत गेले. काळी बारीक रेघ आणि तिला फुटलेला छोटा हात. चौदांत चौदा वेळा. मी घर केलं होतं, कौलं मोजून केली होती, पण घरापुढे उभी असलेली आई करायचं मला सुचलंच नव्हतं.

"बाई," अध्यक्ष खाकरले. त्यांचे डोळे ओले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "फोटो आहेत. बांधा."

मी तिथेच खुर्ची ओढली, पिशवीतून मेण आणि कोरणी काढली. आई माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"निळा कोट कर," ती म्हणाली. "त्याचं वरचं बटण शेवटच्या वर्षी तुटलं होतं. पण तू आपलं लावलेलं दाखव."

सत्त्याऐंशी पटींनी लहान बटण कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. मी ते लावलं.